कारभारणीचा अंगठा

आमची कारभारीण गाडीचा पार्ट आधी अंगठ्यानं बघायची, मग डोळ्यानं. जुन्या विलायती मोटरसायकली जोडण्यात माझी सगळी उमर गेली. कोल्हापुरात लोक मला मिस्त्री म्हणतात. पण पार्ट ओरिजनल का डुप्लिकेट, हे सांगायची ती. मी चौथी शिकलो. ती शाळेत गेलीच नाही.

रॉकेलच्या घमेल्यात पार्ट धुणं हे तिचं काम. धुता धुता अंगठा फिरवायची. ओरिजनल पार्टावरची इंग्रजी अक्षरं ओतीव, त्यांची कड मऊ लागते. नकली अक्षर बोटाला टोचतं. मग आटे बघायची. विलायती नट दोन बोटांनी शेवटपर्यंत उतरतो, इथला मध्येच अडतो. एकदा मी म्हणालो, अगं, कंपनीचं नाव तर बरोबर आहे की. तर म्हणाली, "तुमी नाव वाचता आन् फसता. मला वाचाय येत न्हाई, म्हणून मी बघते." तिच्या हाताला कायम रॉकेलचा वास. भाकरीलाही यायचा. मी कधी बोललो नाही.

तोंडानं फटकळ, माझ्यापेक्षाही. कागलच्या एमआयडीसीतला एक कारखानदार पेट्रोलची टाकी घेऊन आला. थेट इंग्लंडहून मागवली म्हणून चार दोस्तही बरोबर आणलेले. हिनं टाकी पालथी घातली, खालच्या शिवणीवरनं अंगठा फिरवला आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "पावणं, इंग्लंड लांब ऱ्हायलं. ही आपल्या हिकडचीच हाय." तो तोंड पाडून गेला. मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही, तिच्या ते ध्यानातही आलं नाही. महिन्याभरानं तोच दुसरी टाकी घेऊन आला आणि मला ओलांडून, वैनी कुठं आहेत, म्हणत आत गेला.

एका गाडीचे पार्ट दुसरीत मिसळू नयेत म्हणून ती आपल्या जुन्या लुगड्यांचे तुकडे करून त्यात बांधून ठेवायची. एका गाडीला एक रंग. ती गेली तेव्हा अशी तीन गाठोडी होती. हिरवं कागलवाल्याचं, तांबडं बिद्रीकडच्या एका जैन शेतकऱ्याचं, आणि निळं आमच्या स्वतःच्या गाडीचं. त्याच गाडीवरनं आम्ही तिच्या माहेरी राधानगरीला जायचो.

बाराव्यानंतर बायकांनी तिचे कपडे घराबाहेर काढले. मयताचा कपडा आमच्यात घरात ठेवत नाहीत. सुनेनं तिन्ही गाठोडी सोडली, पार्ट एका टपात ओतले आणि फडकी देऊन टाकली. मी टप बघितला आणि तिला नाही नाही ते बोललो. ती बिचारी रीत पाळत होती.

तिन्ही गाड्या एकाच कंपनीच्या, पार्ट सख्ख्या भावांसारखे. महिनाभर टपाशेजारी बसलो. तिच्यासारखं रॉकेल घेतलं, अंगठा फिरवला. माझा अंगठा घट्टे पडून बधिर झालेला. शेवटी करंगळी लावली. हळूहळू पार्ट वेगळे झाले. लोकांच्या दोन्ही गाड्या जोडून दिल्या.

राहिली आमची गाडी. तिचा कार्बोरेटर हातात घेतला. तो मी मुंबईतनं शोधून आणलेला, आणि उभ्या गावाला ओरिजनल म्हणून दाखवलेला. करंगळीला अक्षरं टोचली. वरचं टोपण फिरवलं, मध्येच अडलं. पुन्हा धुतला, पुन्हा तेच. मग आठवलं, हा एक पार्ट धुतल्यावर ती मला कधी सुटा देत नसे. टोपण लावूनच हातात द्यायची.

सून चहा घेऊन आली होती. माझं तोंड बघून तिथंच थांबली.

"मामा, आत्तींना ठावं होतं," म्हणाली.

कधीपासून, म्हणून विचारलं. पहिल्यापासून. सासूनं तिला एकदा धुताना दाखवलं होतं आणि बजावलं होतं, "ह्यास्नी सांगू नगंस. अख्ख्या गावाचं खोटं काढलं. घरातलं एक ऱ्हाऊ दे."

मी सुनेला बस म्हणालो. गाठोड्यांवरनं जास्त बोललो, तेही म्हणालो. ती बसली. चहा तसाच गार झाला.

कार्बोरेटर तोच बसवला. गाडी चालते. सगळं ओरिजनल का, असं कोणी विचारलं, तर कार्बोरेटर सोडून, असं मीच आधी सांगतो. चांगला मिळवून देतो म्हणणारेही भेटतात. त्यांना नको म्हणतो.