धाकट्या जावेचं नाक

खरं सांगायचं तर मी कळंबच्या चिंतामणीकडे नाक बरं व्हावं म्हणून गेले नव्हते. धाकट्या जावेपेक्षा बरं व्हावं म्हणून गेले होते. कापसाला भाव नव्हता त्या वर्षांत आम्ही दोघी जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला होतो. तिथल्या धुळीने म्हणा, नशिबाने म्हणा, दोघींच्याही नाकात मांस वाढलं. श्वास कोंडला, वास गेला. धाकटीचं, म्हणजे शोभाचं, दुर्बिणीतून ऑपरेशन आधी झालं आणि तिला वास येऊ लागला. मग सासूबाई रोज तिलाच हाक मारायच्या, "शोभे, भाजी लागली काय, वास घेऊन पाय बरं!" माझा नुसता जळफळाट व्हायचा.

यवतमाळच्या डॉक्टरांनी मलाही समजावलं. बाहेरून चिरा नाही, नळी नाकातूनच जाते, श्वास मोकळा होतो. पण डोळा आणि मेंदू नाकाला अगदी लागून असतात, रक्तस्राव होऊ शकतो, क्वचित नजरेलाही धोका, आणि मांस पुन्हा वाढूही शकतं. मी नुसती मान डोलावली. शोभाला जमलं ते मला का नाही, एवढंच मनात.

ऑपरेशनला उपाशीपोटी यायचं होतं. सकाळी मी कळंबहून आणलेला मोदक खाल्ला. प्रसाद म्हणजे काही खाणं नव्हे, अशी आमची समजूत. दवाखान्यात बाकावर एक मुसलमान बाई बसल्या होत्या, नवऱ्याला घेऊन आलेल्या. बोलता बोलता मी मोदकाचं सांगून गेले. त्यांनी माझा हातच धरला. "बाई, आत्ताच सिस्टरले सांगा. प्रसाद देवाचा हाये, पन पोट तं तुमचंच हाये न!" सांगितलं तर नंबर जाणार, सोबत आलेल्या शोभासमोर फजिती होणार. तरी कोण जाणे कशी, मी उठले. डॉक्टर रागावले. बेशुद्धीत पोटातलं छातीत गेलं असतं तर जिवावर बेतलं असतं, म्हणाले. चार दिवसांनी ऑपरेशन नीट पार पडलं. त्या बाई पुन्हा कधी दिसल्या नाहीत.

महिन्याने तपासणीहून परतताना स्टँडवर कुणीतरी संत्रं सोललं. मी शोभाचा दंड धरून ओरडलेच, "संत्र्याचा वास येऊन राह्यला वं!"

ती हसली. मग हळूच म्हणाली, "मले तं पोळ्याच्या सणापासून वास नाही येत, बाई. मांस पुन्हा आलं."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"तुम्ही भेल्या असत्या. ऑपरेशनच केलं नसतं."

म्हणजे सासूबाईंची भाजी ती इतके दिवस अंदाजानेच सांगत होती, आणि जे तिच्याजवळ उरलंच नव्हतं त्याच्यावर मी जळत होते. आधी बाकावरच्या त्या बाई, मग ही शोभा; देवाने माझं भलं कोणाच्या हाती सोपवायचं, ते मी ठरवणारी कोण? त्या दिवशी पहिल्यांदाच काही न मागता मी हात जोडले, आणि जोडले ते शोभाकडे तोंड करून.