मायचा भाजलेला पाय

मोहफुलं वेचायच्या आधी आमच्याकडे झाडाखालचा पाला जाळतात, म्हणजे फुलं साफ जमिनीवर पडतात. माझी माय लहान असताना, आग विझली असं समजून त्या राखेत शिरली आणि तिचा परकर पेटला. डावी पोटरी भाजली. आजीनं मोहाच्याच बियांचं तेल लावून ती बरी केली. मागं राहिला आवळलेला, चकचकीत चट्टा. त्याच पायावर उभी राहून मायनं जन्मभर तलावात मासोळ्या धरल्या.

दोन वर्षांपूर्वी त्या चट्ट्याला भेग पडली. पाण्यानं कातडी उलली असेल म्हणत मायनं तेलाची शिशी काढली. दवाखान्यात चल म्हटलं की तिचं आपलं एकच, "याच तेलानं बरा झालता, आताही होईन." जखम काही भरेना. कडा जाड होऊन वर आल्या, वास सुटला, तरी बाईचं तेल चोळणं चालूच! असा संताप यायचा मला. एकदा ती शिशी मी अंगणात आपटून फोडली. दुसऱ्या दिवशी शेजारणीनं नवी आणून दिली.

पाय टेकवेना तेव्हा कुठं ती चंद्रपूरला यायला तयार झाली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी जखमेचा तुकडा तपासायला पाठवला. कॅन्सर निघाला. भाजल्याच्या जुन्या व्रणात तो कधीकधी होतो, म्हणाल्या; न भरणारी जखम तेव्हाच दाखवायला हवी होती. आता गुडघ्याच्या वरून पाय कापला तरच जीव वाचला तर वाचेल. मला रडू आवरेना. मायनं फक्त विचारलं, तलावात उतरता येईल का. डॉक्टरीणबाईंनी सहीचा कागद पुढं सरकवला.

कापलेला पाय गावी नेऊन जाळू, असं मामाचं ठरलं होतं. शुद्धीवर आलेल्या मायनं ते ऐकलं.

"जाळू नोका त्याले. एक डाव जळला थो."

पाय आम्ही तलावाच्या पाळीखाली, बांधाच्या पायथ्याशी, पुरला.

पुढं तिच्या जांघेत गाठ आली. शेवटी शेवटी ती माझा हात धरून म्हणायची, मलेही आग नोको. ती गेली तेव्हा मामानं सरण रचायला घेतलं होतं. आपल्यात जाळतात, पोरीनं मधे बोलू नये, म्हणाला. मी बोलले. चारचौघांत नको नको ते बोलले आणि कुदळ घेऊन पाळीकडं निघाले. थोड्या वेळानं मामाही फावडं घेऊन आला.

पायाशेजारीच खड्डा खणला आम्ही. माय अख्खी गेली.