शिंक्यातला फोन

रोज पाच वाजता दामिनी फोन शिंक्यात ठेवायची. आईचं वाखाच्या दोरीचं जुनं शिंकं. पूर्वी त्यात दुधाचं मडकं असे, आता ते खळ्याकडेच्या मोहाच्या फांदीला टांगलेलं. वैशाखरे गावाच्या वर, डोंगराच्या कुशीतल्या त्यांच्या पाड्यावर रेंज येते ती त्या फांदीपाशीच. कॉलेजच्या ग्रुपवरच्या नोट्स हळूहळू उतरायच्या, तोवर ती खाली बसून वाचायची. मग नोट्स वहीत लिहून घ्यायच्या आणि सहाला फोन बंद.

नियम तिचा तिनंच केलेला. पहिल्या वर्षी ती त्याच मोहाखाली हात फांदीला टेकवून रील्स बघत उभी राहायची. एक संपलं की दुसरं, मुंग्या पायावर चढल्या तरी कळायचं नाही. पुस्तक बगलेतच. अर्थशास्त्रात नापास होऊन केटी लागली, तेव्हा बापापुढे उभी राहून म्हणाली, "फोनच्या नादानं बुडलं. चुकलं माझं."

बाप, नामा, नुकताच नागलीच्या शेतातून आला होता. "मोडून टाकू का गो त्याला?"

"मोडून काय व्हनार? सर नोट्स त्याच्यातच टाकतात."

"मंग आयक. या खेपेला बुडालीस तं कॉलेज बंद. भिवंडीच्या गोदामात जायचं कामाला."

त्या दिवसापासून शिंकं. वर्गातली सारिका टोमणा मारायची, "काय गो, तुझा फोन अजून पाळण्यात झोपतो?"

"झोपतो. जागा असला की मला काय सुचू देत नाय."

केटीचा पेपर अकराला होता. साडेआठची एसटी धरून दामिनी मुरबाडला पोचली, तर वर्गात बाकं रिकामी आणि फळा पुसलेला. पेपर आठलाच सुरू होऊन संपलाही होता.

ऑफिसात अनिल क्लार्क म्हणाला, "वेळ बदलल्याचं काल ग्रुपवर टाकलं होतं. बघत नाहीस?"

"किती वाजता टाकलं?"

"सव्वासातला."

"मी सहाला बंद करते."

"मग चूक कोणाची?"

"गेल्या महिन्यात तुमीच आमाला हॉलमध्ये बसवलंत. दीड तास सांगितलंत, मोबाइलपासून लांब राहा. मी राहिले. आता माझा पेपर द्या."

टायपिंग करणाऱ्या बाई हसू दाबत खाली वाकल्या. अनिलला हसू आलं नाही. त्यानं कोरा कागद पुढे सरकवला. "अर्ज लिही. माझ्या दुर्लक्षामुळे पेपर चुकला, क्षमा असावी. त्याशिवाय उपप्राचार्य मॅडम सही करणार नाहीत."

दामिनीनं अर्ज लिहिला. त्यात वेळ बदलल्याची सूचना बोर्डावर लावली नव्हती, एवढंच होतं. क्षमा नव्हती.

"एवढी एक ओळ लिहायला काय होतं तुला?"

"खोटी आहे ती."

मग ती नोटीस बोर्डासमोरच्या बाकावर जाऊन बसली. काचेआड गेल्या वर्षीच्या क्रीडा महोत्सवाचा कागद पिवळा पडला होता. एकची गाडी गेली. पोटात कावळे ओरडत होते, भिवंडीचं गोदामही डोळ्यांपुढून हलत नव्हतं. एक ओळ लिहिली असती तर एव्हाना घरची वाट धरली असती. ती उठली नाही.

अडीचला उपप्राचार्य मॅडम बाहेर आल्या. हातात तिचा अर्ज होता. त्यांनी काचेतला पिवळा कागद वाचला. आत जाऊन सही केली. शनिवारी अकराला पेपर. त्याची सूचना अनिलनंच चार टाचण्या मारून काचेआड लावली, जरा जोरातच.

घरी नामानं सगळं ऐकून घेतलं. "माफी लिवली असतीस तं काय झिजलं असतं?"

"झाली ती चूक तुमच्यापुढं कबूल केली होती, बाबा. ही माझी नव्हती."



शनिवारी तिनं पेपर दिला. तीन आठवड्यांनी निकाल लागला, तोही बोर्डावर. त्रेपन्न गुण. संध्याकाळी नामा मोहाखाली उभा राहून वर बघत होता. "सुटलीस आता. काढायचा का ह्याला खाली?"

दामिनी ओट्यावर पाय धूत होती. तिची आई गोदू चुलीपाशी होती.

"राहू द्या तिथंच. आई, वाढ गो, भाकर निवली."