दोघींचा उपास

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या शांतामावशी आणि आठवीतली रेहाना मागच्या पायरीवर शेजारी शेजारी बसल्या होत्या. गुरुवार होता, त्यात रमजानचा महिना. दोघींनाही उपास. बाकीची पोरं ताटं घेऊन भोवती.

"पाणीसुद्धा नाही गं?" मावशींनी विचारलं.

"नाही मावशी. थेट संध्याकाळी."

"अगं बया! आणि मी सकाळीच वाटीभर साबुदाणा चापून आलेय. कसला माझा उपास!"

पोरं खो खो हसली. मग प्रश्नच प्रश्न. तहान लागली की काय करतेस? चुकून खाल्लं तर?

मी खिडकीतून बघत होतो आणि खरं सांगतो, जळत होतो. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. मूल्यशिक्षणाच्या तासाला सगळ्या धर्मांचे उपास मी फळ्यावर मुद्देसूद लिहून दिले होते. पोरांनी उतरवून घेतले. शंका विचारा म्हटलं, तर एकही हात वर आला नाही. रेहाना पहिल्याच बाकावर होती, पण तिला काही विचारावं हे मला सुचलं नव्हतं. मला सगळं माहीत होतं ना! मावशींना माहीत नव्हतं आणि त्यांनी ते लपवलं नाही, एवढाच काय तो फरक.

मलाही त्या पायरीवर बसावंसं वाटलं. बाहेर गेलो.

"सर आले," कुणीतरी कुजबुजलं. हसू थांबलं. उष्ट्या हातांनी सगळी पोरं उठून उभी राहिली. याच मानासाठी मी शिकलो होतो.

"बसा रे," मी म्हटलं. पण कुणी बसेना.