उकिरड्यावरची कोंबडी

साताऱ्यातल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मी शिकवायला लागले तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि आपल्याला सगळंच येतं अशी माझी ठाम समजूत होती. क्लासच्या सरांना कुठल्याशा मासिकाबरोबर विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्सची सीडी मिळाली. फुकट ते पौष्टिक, म्हणून ती कोपऱ्यातल्या सगळ्यांत जुन्या मशीनवर चढली. स्क्रीनवर नुसता करडा रंग आणि परकी चित्रं. मी म्हटलं, याला आपल्याकडचा पेहराव चढवते.

महिनाभर एकेक ठिपका रंगवत बसले. मागे अजिंक्यतारा, फोल्डरच्या जागी बाजाराची कापडी पिशवी, प्रत्येकाच्या स्वतःच्या जागेला कौलारू घर. आणि नको त्या फायली टाकायच्या डब्याच्या जागी उकिरडा. त्या उकिरड्याचा मला भारी अभिमान होता. नखाएवढ्या जागेत पिवळट ढीग, वर चार काड्या. दर शनिवारी तो रिकामा करायचं कामही मी हौसेने अंगावर घेतलं.

त्या मशीनवर एकच विद्यार्थी बसायचा, एक निवृत्त सुभेदार. मूळचे कवठे महांकाळकडचे, साताऱ्यात लेकीकडे राहायचे. गावाच्या वेशीत त्यांना फौजेत गेलेल्या सगळ्यांच्या नावांचा फलक लावायचा होता. त्यांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. पेंटरने कागद परत केला, म्हणून नावं टाइप करायला ते क्लासला आले. एका बोटाने, इंग्रजी अक्षरांत, हुद्द्याप्रमाणे वरून खाली. यादीला तीन आठवडे लागले. मंगळवारी पेंटर गावात येणार होता.

सोमवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून प्रिंट घ्यायला आले, तर यादी कुठेच नाही. पिशव्या उपसल्या, घर धुंडाळलं.

"काका, ठेवली कुठे होती?"

"शुक्रवारी पुरी झाली तशी ह्या राशीवर ठिवली." त्यांनी माझ्या उकिरड्यावर बोट टेकवलं. "जोंधळ्याची रास हाय न्हवं ही? आमच्याकडं खळ्यावर रास पडली की तिच्याजवळ पायताण घालून कोण जात न्हाई. लय जपायचं ते म्हटलं राशीलाच असावं."

शनिवारी मी तो ढीग साफ केला होता, आत काय आहे ते न बघता. चाचरत सांगितलं, काका, तो उकिरडा आहे, आणि तुमची यादी मी पुसली.

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून चित्र निरखलं. "असा असतुया व्हय उकिरडा? आवं मॅडम, कवा बगितलाय का तुमी?"

बघितला होता, एसटीच्या खिडकीतून. मी सरकारी क्वार्टर्समध्ये वाढलेली. हे कबूल करताना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग कीबोर्डपुढे मी बसले. हुद्द्याचा क्रम काही त्यांना पुन्हा जुळेना. शेवटी त्यांनी डोळे मिटले आणि गावात शिरले. "वेशीतनं आलं की डाव्या हाताला पयलं घर. त्येंचे दोघं." असं घरागणिक, आळीआळीने. चहा निवला. सर दोनदा डोकावून गेले. ओढ्याजवळ पोचल्यावर सुभेदार थांबले.

"हितं एक घर हुतं. आता भिंतीबी न्हाईत. त्यो माझ्याबरुबर भरती झाल्याला. पयल्याच वर्साला तिकडंच गेला, हुद्दा मिळायच्या आत."

हे नाव पहिल्या यादीत होतं का, मी विचारलं.

"न्हवतं," ते म्हणाले. चष्मा पुसायला त्यांना बराच वेळ लागला. "हुद्द्यानं मोजत बसलो न्हवं का म्या. लिव्ह पोरी."

मी लिहिलं. अक्षरं धूसर दिसत होती, आणि तो जुन्या मशीनचा दोष नव्हता.

प्रिंट घडी घालून खिशात ठेवत ते दारापर्यंत गेले आणि मागे वळले. "मॅडम, त्या ढिगावर एक कोंबडी काढा. उकरताना दिसली पायजे. मग कोण चुकायचं न्हाई."

कोंबडी मी त्याच दिवशी काढली. शनिवारी ढीग साफ करण्याआधी एकेक फाइल उघडून बघायचीही सवय लागली.

पुढे एकदा सांगलीकडे जाताना वाट वाकडी करून मी तो फलक बघितला. नावं हुद्द्याप्रमाणे नव्हती. वेशीपासून ओढ्यापर्यंत, घरं जशी लागतात तशी होती.