धुळ्याच्या बसमधला डबा

कढईत कच्च्या केळ्याची पहिली चकती पडली आणि तेलाचा गोडसर वास उठला, की मला श्रावणातली ती धुळ्याची बस आठवते. भडगावला घरच्या केळ्यांचे वेफर्स तळून विकायचं मी ठरवलं, तेव्हा सासरे महिनाभर माझ्याशी धड बोलले नव्हते. सुनेनं दुकानोदुकानी फिरावं, हे त्यांना पटत नव्हतं. तरी त्या दिवशी पत्र्याचा डबा मांडीवर घेऊन ते मागच्या सीटवर बसले. मी पुढे, बायकांत. बाहेर झिमझिम चालू होती. धुळ्यात दुकानात पोहोचलो, तेव्हा मारवाडी शेटजींनी डब्यातला एक वेफर चावला आणि मान हलवली. "बाई, हे तर सादळलेत." मला रडूच फुटायचं बाकी होतं. तेवढ्यात सासरे पुढे झाले. "पोरनी चूक नही शे, शेठ. बसमा डबा मीच उघाडा. मन्ही सूननी करात म्हणीसन बठ्ठास्ले वाटात." सुनेनं केलेत म्हणून बसमध्ये सगळ्यांना वाटले होते त्यांनी! शेटजींनी अर्धा रिकामा डबा पाहिला. "मग लोक काय म्हणाले?" "बठ्ठास्नी परत मांगात." सगळ्यांनी पुन्हा मागितले, हे ऐकून शेटजी खळखळून हसले. "मग सोमवारच्या उपासाला नवा डबा आणा, बाई. या आबांना मात्र तुमच्या शेजारी बसवा." आज माझ्याकडे बारा बायका कामाला आहेत. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली. माझं कौतुक त्यांनी माझ्या तोंडावर कधीच केलं नाही. त्या दिवशी अख्ख्या बसला तेवढं सांगितलं.