पायाने ऐकणारी बाई

शिकवायच्या पहिल्याच दिवशी मी बंद मशीनसमोर दहा मिनिटं बोंबललो.

झालं असं, की वाशिमच्या आमच्या बोल्टच्या कारखान्यात नवा नियम आला: कानात बोळे घातल्याशिवाय मशीनजवळ जायचं नाही. बोळे म्हणजे स्पंजच्या पिवळ्या गुंडाळ्या. बावीस वर्षं मी त्यांना हात लावला नव्हता. पण चार नव्या माणसांना ऑपरेटर करायचं काम माझ्या गळ्यात पडलं, तेव्हा म्हटलं आपणच आधी नीट घालून दाखवावे. चांगले आतपर्यंत कोंबले. मशीनकडे पाठ केली आणि शिरा ताणून व्याख्यान सुरू केलं. मध्येच लाईन गेली, सगळी मशीनं बंद पडली. सगळी शेड गप्प झाली, फक्त मी सोडून. "हे मशीन आपल्या मॅनेजर साहेबांच्या बापालेही लावता येत नाई," हे वाक्य मी त्या शांततेत दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणत होतो तेव्हा समोरचे चौघे माझ्याकडे नाही, माझ्या मागे पाहत होते. मागे मॅनेजर साहेब उभे होते. त्यांच्या वडिलांबद्दल ते काही बोलले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.

या चौघांत मेडशीहून एसटीने येणारी एक बाई होती. वय तिशीचं. तीन वर्षं पॅकिंगला होती, म्हणजे बोलावलं की यायचं, नाही बोलावलं की घरी बसायचं. परीक्षा पास झाली तर ती हेडर मशीनची कायमची ऑपरेटर होणार होती. नापास झाली तर पुन्हा पॅकिंग. तिने हे मला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. "भाऊ, मले नापास व्हायची सवड नाई."

हेडर मशीनचं काम सांगायला सोपं आहे. एका बाजूने तार आत जाते, मशीन तिचा तुकडा तोडतं, पंच नावाचा पोलादी ठोकळा त्याच्या टोकावर दोन ठोके मारतो आणि डोकं आलेला बोल्ट खाली पडतो. पंचाला केसाएवढी चीर गेली की डोकी वाकडी निघतात, आणि ते डोळ्याला दिसेपर्यंत अर्धा क्रेट भंगारात जातो. म्हणून चांगला ऑपरेटर आवाजावरून ओळखतो. माझी सगळी विद्या एवढीच. ती मी मन लावून शिकवली. कानात बोळे घाला आणि आवाज नीट ऐका, असं मी तीन महिने सांगत होतो. तिघांनी माना डोलावल्या. ती म्हणाली, "भाऊ, दोन्ही संगच कसं जमन?"

"जमवा लागते," मी म्हटलं. गुरूला आणखी काय म्हणता येतं.

परीक्षा घ्यायला पुण्याहून एक साहेब आले. हातात पाटी, पाटीवर फॉर्म. बाईने मशीन लावलं, बोल्ट पडायला लागले, सगळं छान चाललं होतं. वीसेक मिनिटांनी तिने एकदम मशीन बंद केलं.

"का बंद केलं?" साहेबांनी विचारलं.

"पंच फुटून राह्यला साहेब."

आम्ही पंच काढला. भिंगातून पाहिलं तेव्हा कुठे चीर दिसली. मी मनात पेढे वाटले. साहेब मात्र फॉर्मकडे पाहत होते.

"तुम्हाला कसं कळलं? आवाज आला?"

मी घाईने हिशोब केला. आवाज आला म्हणावं तर बोळे नीट घातले नाहीत म्हणून नापास. आवाज आला नाही म्हणावं तर विनाकारण मशीन बंद केलं म्हणून नापास.

"पायाले समजलं," ती म्हणाली.

साहेबांनी फॉर्मवर बोट फिरवलं. "इथे तीनच रकाने आहेत. दिसलं, ऐकू आलं, वास आला. वास आला असं लिहू का?"

"वास नाई आला साहेब. खोटं काहून सांगू?"

मी तिच्याकडे डोळे वटारले. तिने पाहिलंच नाही. ती साहेबांना सांगत होती, की सोयाबीन काढताना थ्रेशरवर उभं राहिलं की गोंगाटात कानाला काहीच कळत नाही, पण पेंढी अडकायला लागली की जमीन आधी सांगते. इथेही तसंच. ठोका बिघडला की टाचेखाली वेगळंच लागतं.

साहेबांना हे पटेना, पण ते माणूस जिद्दीचे. त्यांनी बाईला बोळ्यांसकट भिंतीकडे तोंड करून उभं केलं, आणि आम्ही कधी फुटका पंच लावला, कधी चांगला. चार वेळा. चारही वेळा तिने बरोबर सांगितलं. मग साहेब स्वतः एका पायावर उभे राहिले. परीक्षा बघायला आलेले मॅनेजर साहेबही राहिले. मी तर डोळेसुद्धा मिटले. चहा घेऊन आलेला माणूस आम्हाला पाहून चहा तिथेच ठेवून गेला. मला टाचेत फक्त माझी जुनी भेग जाणवली.

"फॉर्ममध्ये चौथा रकाना हाताने आखता येईल," शेवटी साहेब म्हणाले. "पण ही पद्धत प्रशिक्षकाने शिकवलेली असली पाहिजे. नाहीतर ते कौशल्य धरता येत नाही. तुम्ही शिकवलं का हे?"

ते मला विचारत होते. बाईने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. खोटं न सांगणारी बाई, आणि तिची नोकरी माझ्या खोट्यावर.

"शिकवलं न साहेब," मी म्हटलं. "पहिल्या दिवसापासून."

सही केली. ती पास झाली. मॅनेजर साहेबांनी माझा हात हातात घेतला आणि पुढच्या महिन्यापासून सगळ्या शेडला पायाने ऐकायला मी शिकवायचं, असं तिथल्या तिथे जाहीर केलं. ते खरंच खूश होते की पहिल्या दिवसाचं उट्टं फेडत होते, हे मला अजून समजलेलं नाही.

संध्याकाळी घरी चालू वॉशिंग मशीनशेजारी अनवाणी उभा राहिलो. बायकोने विचारलं तेव्हा सगळं सांगितलं, सहीसकट. तिने कपडे पिळता पिळता ऐकून घेतलं.

"उद्या डब्यात दोन भाकरी जास्त टाकून देईन," ती म्हणाली. "अन् वांग्याची भाजी. त्या बाईले द्या अन् तिच्याजोळ शिकाले बसा. फुकटात शिकवन थे कायले तुमाले?"